मागणी क्रमांक एक

आमच्या घरात कोरे कागद कधी विकत आणले गेले नाहीत. छापून उरलेली पत्रकं असायची. गुलाबी, पिवळी, कधी स्वस्तात मिळाला म्हणून पोपटी कागद. एका बाजूला ‘ग्रामस्थ बंधू-भगिनींनो’ आणि दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर वाणसामान लिहिलं जायचं, बाबांच्या लक्षात ठेवायच्या गोष्टी लिहिल्या जायच्या, माझं शाळेचं वेळापत्रकही. मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवरच. षटकोनाच्या आधी मला ‘निषेध’मधला ष भेटला.

पत्रकं आई लिहायची. आमचं होळी हे गाव वसई शहराला लागून. बाबा वाडी बघायचे: केळी, सोनचाफा, थोडी भाजी. आई सकाळी ओट्यावर बसून चाफ्याची फुलं केळीच्या पानात बांधायची आणि दुपारी त्याच ओट्यावर पत्रक लिहायची. गावातल्या बायकांचा एक गट होता, त्याला कधी नाव मिळालं नाही. आजूबाजूला इमारती वाढल्या तसे वाड्यांमधल्या विहिरींवर टँकर येऊन उभे राहायला लागले, पाणी उपसून विकायला लागले, आणि विहिरी हळूहळू मचूळ होत गेल्या. ते थांबावं म्हणून हा गट. पत्रकं वाटायची कामं मी चालायला लागल्यापासून केली. देवळाबाहेर, बाजारात, रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या फाटकाशी. लोक घेतात, चार पावलांवर घडी घालून खिशात टाकतात. टाकून देत नाहीत, हे मला लहानपणी फार मोठं वाटायचं.

आईच्या पत्रकांचा एक नियम होता. मागण्यांना क्रमांक असायचे आणि मान्य न झालेली मागणी पुढच्या पत्रकात गळायची नाही, वर चढायची. दोनवर असलेली एकवर. एकवरची एकवरच राहणार, फक्त अक्षर ठळक होणार. एकदा गटातल्या एका काकींनी सुचवलं की टँकर पूर्ण बंद करा म्हणण्यापेक्षा उन्हाळ्यापुरते बंद करा म्हणू या, निदान तेवढं तरी मिळेल. आई पुड्या बांधता बांधता म्हणाली, “मागणी लहान केली की ती विनंती होते. विनंत्या करायला आपण लग्नाची पत्रिका छापतोय का?” काकी हसल्या आणि विषय संपला.

मी हा नियम जसाच्या तसा स्वतःला लावून घेतला. दहावीला गुलाबी पत्रकाच्या पाठीवर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं: गणितात पैकीच्या पैकी गुण मिळालेच पाहिजेत. मिळाले नाहीत. मग नियमाप्रमाणे ती मागणी पुढच्या वर्षीच्या कागदावर पहिली आली, त्याच्या पुढच्या वर्षीही. बारावीला मी कला शाखेत होतो, गणित हा विषयच नव्हता, तरी यादीत पहिलं गणित. बाबा कपाट उघडले की वाचायचे आणि काही न बोलता शर्ट काढून घ्यायचे. एकदा मात्र त्यांनी विचारलं की हे निवेदन तू कुणाला दिलंयस. मी रागावलो. आमच्या घरात निवेदन या शब्दाची चेष्टा होत नसे.

पुढे मी घरी बसून पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम धरलं आणि उरलेल्या वेळात लिहायला लागलो. मला राग आलेल्या गोष्टींवर लिहायचो, आणि राग मला भरपूर यायचा. त्यातला एक ध्येयं लिहायला शिकवणाऱ्या लोकांचा. मोबाइलवर ते जिकडेतिकडे असतात. सूर्योदय, कॉफीचा कप, सोनेरी कडेची महागडी डायरी, आणि तुमची स्वप्नं लिहा म्हणजे ती तुमच्याकडे चालत येतील. त्या डायऱ्यांत काय लिहिलेलं असतं? गाडी. परदेशवारी. समुद्र दिसणारा फ्लॅट. त्या फ्लॅटच्या टाकीत पाणी कुठल्या विहिरीतून येतं, हे कुणाच्या डायरीत नसतं. एकट्यापुरतं लिहिलेलं ध्येय ही विकायची वस्तू आहे, चार जणांनी मिळून लिहिलं की त्याची मागणी होते, आणि मागणी विकता येत नाही. असा एक लांब लेख माझ्या डोक्यात तयार होता. तो मी अजून लिहिलेला नाही. अजूनही मला ते सगळं खरं वाटतं.

आईच्या हातातून फूल पडलं ते एका सकाळी. ओट्यावर केळीची पानं पसरलेली, टोपलीत चाफा. तिने एक फूल उचललं, ते पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. बाबांना वाटलं ती कशावर तरी चिडली आहे. मग ती त्यांच्याकडे वळली तेव्हा तिचा अर्धा चेहरा वळला नव्हता.

इस्पितळातले दिवस मला सलग आठवत नाहीत. डॉक्टर जे सांगत होते ते मी खिशातल्या पत्रकाच्या मागे लिहून घेत होतो, सभेचा वृत्तांत लिहावा तसं. डावा मेंदू. उजवा हात, उजवा पाय. वाचा. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, फक्त बाहेर येत नाही. मी ‘बाहेर येत नाही’ लिहिलं आणि खाली रेघ मारली. शेजारी बाबा उभे होते. ते रडत होते, आणि मला एवढंच दिसत होतं की त्यांच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात आहे. मी रडलो नाही. थोपवलं वगैरे काही नाही. आलंच नाही. रागही आला नाही, आणि त्याचं मला जास्त नवल वाटलं, कारण राग येणं माझ्यासाठी श्वासासारखं होतं.

घरी आणल्यावर गावातले लोक भेटायला यायला लागले. आईचा पहिला शब्द त्यांच्या देखतच बाहेर आला. ती खोलीभर बघत म्हणाली, “पानी.” आमच्या घरच्या बोलीतलं पानी. पत्रकात ती नेहमी पाणी लिहायची, पण ती पत्रकाची भाषा परत यायला तयार नव्हती, घरची आली. पलंगाभोवती जमलेल्यांचे डोळे भरले. एक गृहस्थ म्हणाले, “बघा, अशा अवस्थेतही वहिनींच्या तोंडात पाण्याचाच लढा.” दुसरे म्हणाले, याला म्हणतात निष्ठा. आई पुन्हा म्हणाली, “पानी,” आणि तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा बाबांनी तांब्या आणला. ती गटागटा प्यायली. तिला तहान लागली होती.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओ मॅडम येऊ लागल्या. माझ्याच वयाच्या, विरारच्या मनवेलपाड्यातून स्कूटरवर यायच्या आणि हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं की दर आठवड्याचे तीन गोल, म्हणजे ध्येयं, लिहून भिंतीवर लावायचे, काकूंना दिसतील असे. लिहिलेलं समोर असलं की पेशंटला आणि घरच्यांना दोघांनाही दिशा राहते. मला हायसं वाटलं. निदान हे काम मला येत होतं.

मी पिवळं पत्रक उलटं केलं आणि जाड पेनाने लिहिलं. पहिल्या क्रमांकाचं वाक्य मोठ्या अक्षरांमुळे दोन ओळींत आलं. वरच्या ओळीत ‘आईने उजव्या हाताने’ आणि खालच्या ओळीत ‘पुढचं पत्रक लिहिलंच पाहिजे’. दोनवर: आईने ओट्यापर्यंत चाललंच पाहिजे. तीनवर: आईने पूर्ण वाक्य बोललंच पाहिजे. कपड्यांच्या दोरीवरचा चिमटा घेऊन कागद कॅलेंडरला लावला.

पुढच्या खेपेला मॅडमनी तो वाचला. पुन्हा वाचला.

“दादा, हे कोणाकडे मागताय तुम्ही?”

मी म्हटलं, “गोल लिहायला सांगितले होते तुम्ही.”

“गोल म्हणजे, काकू पाच मिनटं आधाराशिवाय बसतील. चमचा पकडतील. बस, एवढं. हा मोर्चा नाहीये, हात आहे. धमकी दिली म्हणून उठणार नाही तो.”

पलंगावरून एक आवाज आला. आईचा. तिच्या चेहऱ्याची हलणारी बाजू वर गेली होती. मॅडम म्हणाल्या, बघा, काकू हसतायत तुम्हाला. मी तिच्याकडे पाहिलं आणि ती हसते आहे हे लिहून ठेवण्यासारखं आहे का, याचा विचार केला.

चमचा आणि बसणं मी खाली लिहिलं, चार आणि पाच क्रमांकांवर. वरचं काढलं नाही.

मग आठवडे गेले. सकाळी बाबा चाफा तोडायचे आणि ओट्यावर एकटेच पुड्या बांधायचे. त्यांना तो हात नाही, पुड्या सुटायच्या. मी आईच्या उजव्या मुठीत चेंडू द्यायचो, थाळीतले वाल एकेक उचलायला लावायचो, बोटांना चिमटे उघडायला लावायचो. मग मुद्रितं तपासायचो, मग पुन्हा चेंडू. कागदावर तपशीलवार योजना होती आणि मी तिच्या मागून चालत होतो. जेवण्याची वेळ आली म्हणून जेवत होतो. मित्र फोनवर विचारायचे, तू कसा आहेस, आणि मी त्यांना आईच्या खांद्याची हालचाल किती वाढली ते सांगायचो. चमचा झाला, म्हणजे डाव्या हाताने. बसणं झालं. ओटाही झाला, बाबांच्या खांद्याला धरून. वाक्य झालं नाही, पण शब्द वाढले: नको, दे, तू, फुलं. जे झालं ते मी खोडत गेलो. उजवा हात मात्र कोपरापर्यंत जागा झाला आणि तिथेच थांबला. बोटं उशीवर ठेवलेल्या वस्तूसारखी राहिली.

दर रविवारी मी नवा कागद करायचो आणि दर रविवारी क्रमांक एक तोच. अक्षर थोडं जास्त ठळक.

मॅडम आता हसून सांगत नव्हत्या. डाव्या हाताने लिहायला शिकवू या, त्या म्हणाल्या. सुरुवातीला रेघा, मग अक्षरं, सही तरी येईल. मी म्हटलं, कागदावर उजवा आहे. त्यांनी विचारलं, “हे काकूंना विचारून लिहिलंत?”

“आई हेच म्हणाली असती.”

“म्हणाली असती की म्हणाली?”

मी चेंडू पुन्हा आईच्या मुठीत दिला. त्या हेल्मेट घालून निघाल्या. वाडीच्या कडेने त्यांची स्कूटर गेली तेव्हा पलीकडच्या विहिरीवर टँकर उभा होता आणि तिला वाट मिळेना. हॉर्न बराच वेळ ऐकू येत राहिला.

त्याच सुमारास गटातल्या बायका आल्या. कचेरीतले साहेब विहिरी बघायला गावात येणार होते. इतकी वर्षं मागितलेली पाहणी एकदाची होणार होती आणि त्याआधी घराघरांत पत्रक जायला हवं होतं. लोक जमले नाहीत तर साहेब टँकरवाल्यांशी बोलून, चहा पिऊन परत जातील, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच काकी, ज्यांनी एके काळी उन्हाळ्यापुरती मागणी सुचवली होती, मला म्हणाल्या की आता तूच लिही. मी म्हटलं, आई लिहील. त्यांनी पलंगाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कागदाकडे, मग एकमेकींकडे. काकी हळू आवाजात म्हणाल्या, “अरे, पाहणी तिच्या बोटांसाठी थांबणार आहे का?”

मी म्हटलं की मागणी मागे घ्यायची नाही, हे तुम्हाला तिनेच शिकवलं आहे. बाबांनी चहा आणला. बायका तो उभ्याउभ्याच प्यायल्या.

मला त्या वेळी नेमकं काय वाटत होतं, हे आज सांगायचं तर असं सांगेन: मी पत्रक लिहिलं, की आई लिहिणार नाही हे छापून येईल. ते गावभर वाटलं जाईल. मीच वाटेन. भिंतीवरचा तो पहिला क्रमांक होता तोवर ती आजारी होती. तो गेला की ती अशीच असणार होती. पण तेव्हा मी एवढाही विचार केला नव्हता. माझ्या आत फक्त एक सपाट ‘नाही’ होतं आणि ते मला तत्त्व वाटत होतं.

रविवारी मी नवा कागद घेऊन पलंगाशी बसलो. बाबा दारात पुड्यांसाठी पानं फाडत होते. मी क्रमांक एक लिहिला, तशाच दोन ओळींत, आणि पेनाचं टोपण लावायला गेलो तर आईने डावा हात पुढे केला. “दे.”

मला वाटलं तिला कागद वाचायचा आहे. तिने पेन घेतलं. मूल खुरपं धरतं तसं मुठीत धरलं आणि कागद मांडीवर ओढला. पेनाचं टोक वरच्या ओळीवर टेकवलं. रेघ सुरू झाली. वाकडी, मध्येच थांबणारी, कागद फाटेल इतकी दाबून काढलेली. ‘आईने’वरून गेली, ‘उजव्या’वरून गेली, ‘हाताने’शी येऊन संपली. तिला घाम आला होता. मी वाट पाहत होतो की आता ती खालच्या ओळीवर येईल. ती आली नाही. तिने पेन सोडलं, कागद माझ्या छातीवर ढकलला आणि म्हणाली, “तू.”

मी कागदाकडे बघत बसलो. बाबा पानं खाली ठेवून आत आले, माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी कागद वाचला. इतक्या वर्षांत त्यांनी कुठल्याही पत्रकावर मत दिलं नव्हतं.

“खालचं ठेवलंय तिनं,” ते म्हणाले.

खालची ओळ होती: पुढचं पत्रक लिहिलंच पाहिजे.

मग मी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. आईने डोळे मिटले होते. ती झोपली नव्हती, दमली होती. तिच्या उजव्या हाताखालची उशी सरकली होती, ती मी नीट केली. तो हात उचलला तेव्हा लक्षात आलं की मी त्याला रोज चेंडू, वाल, चिमटे दिले होते, पण इतक्या दिवसांत नुसता कधी धरला नव्हता. गरम होता. मी तो धरून बसलो. रडू तेव्हाही आलं नाही. डोळ्यांच्या मागे काही तरी हललं आणि परत जागेवर गेलं.

पत्रक मी दुपारी ओट्यावर बसून लिहिलं, बाबांच्या सुटलेल्या पुड्यांच्या शेजारी. ‘ग्रामस्थ बंधू-भगिनींनो’ लिहिलं आणि हात आपोआप चालायला लागला. पहिल्या मसुद्यात मागण्यांची लांब रांग आली, ठळक, ठसठशीत, पाहिजेत, पाहिजेत. मला तो मसुदा उत्तम वाटला. मग मॅडमचा प्रश्न आठवला, कोणाकडे मागताय. साहेबांकडे मागायची होती ती एकच गोष्ट होती आणि ती मी तशीच ठेवली: वाड्यांमधल्या विहिरींवरचा टँकरचा उपसा पूर्ण बंद. त्याच्याखाली, आमच्या पत्रकांत पूर्वी कधी नसलेलं, आपण काय करायचं ते लिहिलं. पाहणीच्या दिवशी प्रत्येक घरातून एका माणसाने यावं. येताना आपल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणावं. साहेबांना ते चाखायला सांगावं.

काकींनी वाचून विचारलं, “मागणी एकच? बाकीच्या गेल्या कुठे?” दुसऱ्या बाईंनी त्यांना सांगितलं की असू दे, बाटली आणायची हे बरं सुचलं, आमच्या घरच्यांना ओरडण्यापेक्षा बाटली उचलणं सोपं जातं. मी आईकडे पाहिलं. ती पत्रकावर डावं बोट ठेवून सावकाश एकेका ओळीवरून सरकत होती. ‘पूर्ण’ या शब्दाशी बोट थांबलं. तिथे तिने दोनदा टिचकी मारली. मान्य असलं की ती पूर्वीही तसंच करायची.

पाहणीनंतरचं प्रकरण गावात अजून चालूच आहे, त्यावर वेगळं लिहायला हवं आणि ते मी रागाने लिहीन. राग हळूहळू परत येतो आहे, मुंग्या आलेल्या पायात रक्त येतं तसा, जरा अप्रिय. पण बाटल्या आल्या होत्या. काचेच्या, प्लास्टिकच्या, औषधांच्या, एक तान्ह्या बाळाची दुधाचीसुद्धा. साहेबांनी एक घोट घेतला आणि रुमालाने तोंड पुसलं, हे सगळ्यांनी पाहिलं.

वाटून उरलेला गठ्ठा मी घरी आणला. या खेपेला कागद पोपटी होता. आई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, बाबांनी बांधलेल्या पुड्यांवर डाव्या तळव्याने दाब देत होती, म्हणजे त्या सुटायच्या नाहीत. तिने गठ्ठ्यातलं वरचं पत्रक ओढलं, उलटं केलं आणि कोरी बाजू माझ्याकडे सरकवली. उद्या मॅडम येणार होत्या.

मी पेन उघडलं. क्रमांक एक लिहिला, त्याच्यापुढे काही लिहिलं नाही, आणि ती काय सांगते याची वाट बघत बसलो. तिच्या ओठांची तयारी चालली होती. वेळ लागणार होता.